दुपारची पंगत सकाळी दहाला: सोलापूरच्या एका विडी वस्तीतलं प्रकरण

८ मे २०२४. आदल्या दिवशी सोलापुरात लोकसभेचं मतदान झालं होतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळेतला पोषण आहार थांबतो, म्हणून आम्ही काही जणींनी वस्तीतल्या मुलांना दुपारी जेवू घालायचं ठरवलं होतं. शाळेच्या खोल्या अजून मोकळ्या झाल्या नव्हत्या, म्हणून समाजमंदिराच्या मागच्या पत्र्याखाली आम्ही पन्नास मुलांची खिचडी शिजवून बसलो होतो. साडेबारा वाजले, एक वाजला. मुलं आली वीस-बावीस. त्यातली बरीचशी चौकातल्या दुकानदारांची, म्हणजे ज्यांच्या घरी त्या वेळी ताट वाढून तयार असतं त्यांची. एक नऊ-दहा वर्षांची मुलगी स्टीलचा डबा घेऊन आली. "इथंच बसून जेवायचं, डबा भरून मिळणार नाही," असं आमच्यातल्याच एकीनं सांगितलं. मुलगी काही बोलली नाही. डबा फ्रॉकच्या घेरात धरून आली तशी परत गेली.

पातेलं निम्म्याहून जास्त उरलं. शाळेत वर्षानुवर्षं पोषण आहार शिजवणाऱ्या अक्का पदरानं तोंड पुसत म्हणाल्या, "बाई, भूकच नाही की हो ह्या पोरांना." मीही मान हलवली. एकतीस वर्षं याच भागात शिकवून निवृत्त झालेली बाई मी, आणि मान हलवली.

हे प्रकरण त्या उरलेल्या पातेल्याचं आहे. वस्तीचं आणि माणसांचं नाव मुद्दाम देत नाही.

वस्ती आणि तो उन्हाळा

सोलापूरचा पूर्व भाग ज्यांना ठाऊक आहे त्यांना फार सांगायला नको. घरात तेलुगू, चौकात मराठी, भांडणात दोन्ही. पुरुष यंत्रमागावर किंवा टॉवेलच्या कारखान्यात, बायका विडीवर. आदल्या संध्याकाळी तेंदूची पानं भिजवायची, कात्रीनं मापात कापायची, सूप मांडीवर घेऊन दिवसभर वळत बसायचं. हजार विड्या म्हणजे सरावाच्या हातालाही पूर्ण दिवस. मजुरी हजारावर. खराब म्हणून बाजूला काढलेल्या विडीची मजुरी नाही.

अन्नसुरक्षा कायदा २०१३ मध्ये आला. त्याच्या पाचव्या कलमात सहा ते चौदा वयाच्या मुलांना शाळेत दुपारचं जेवण मोफत द्यायला सांगितलंय, 'शाळेच्या सुट्ट्या सोडून'. हे शब्द कायद्यातच आहेत. दुष्काळ जाहीर झालेल्या भागात सुट्टीतही जेवण द्या, असा आदेश सर्वोच्च न्यायालयानं २०१६ साली स्वराज अभियानच्या खटल्यात दिला. ऑक्टोबर २०२३ च्या शेवटी महाराष्ट्रात ४० तालुके दुष्काळी जाहीर झाले, त्यात आपल्या जिल्ह्यातले बार्शी, माळशिरस, सांगोला, करमाळा आणि माढा. सोलापूर शहर त्यात असण्याचा प्रश्नच नव्हता. शहरात पाऊस पडला काय अन् न पडला काय, विडी वळायचीच असते.

सुट्टीत नेमकं काय होतं हे मला आकड्यांतून कळलेलं नाही, अक्कांच्या पळीतून कळलं. त्या सांगायच्या की जूनमध्ये शाळा उघडली की पहिले पंधरा दिवस पातेलं पुरत नाही. माप तेच, पटावरची मुलं तीच, तरी खरवड काढून वाढावी लागते. जुलै लागला की उरायला लागतं. ही गोष्ट त्यांनी मला पाच-सहा वर्षं तरी सांगितली असेल. नोकरीत असताना मी ती ऐकून सोडून दिली.

२०२४ च्या उन्हाळ्यात आणखी एक भर पडली. १९ जानेवारीला कुंभारीजवळच्या रे नगरमधल्या १५,००० घरांच्या चाव्या पंतप्रधानांच्या हस्ते कामगारांना मिळाल्या. २००६ साली कुंभारीतच गोदूताई परुळेकर वसाहतीत विडी कामगार बायकांना दहा हजार घरं मिळाली होती, त्यानंतरची ही मोठी वसाहत. हक्काचं घर मिळालं, त्याबद्दल दुसरं काही बोलणं कृतघ्नपणा होईल. पण आमच्या वस्तीतल्या काही घरांची वाटणी झाली. कुणाची सासू तिकडं, सून इकडं, कुणाचं उलट. दुपारी नातवंडांना ताट वाढणारी अव्वा, म्हणजे आजी, नेमकी तिकडं गेली. घर मिळाल्याच्या आनंदात ही गोष्ट कुणाच्याच ध्यानात आली नव्हती. आमच्याही.

साडेबारा का नको

दुसऱ्या दिवशीही पातेलं उरलं. तिसऱ्या दिवशी आम्ही चूल पेटवलीच नाही आणि मी व अक्का घरोघर फिरलो. पहिल्याच ओळीत उत्तर मिळालं.

"साडेबाराला मी येतो की हो घरी," एक बाई सूप न सोडता म्हणाली. "मी आलो की पोरगी लागती मला हाताखाली. तुमी तवाच बोलवूलालाव जेवायला."

पूर्ण घड्याळ असं होतं. सकाळी आठच्या सुमाराला बायका आदल्या दिवसाची विडी कारखान्यात जमा करायला जातात. तिथं रांग, मोजणी, दुसऱ्या दिवसाचं पान-तंबाखू घेणं. परतायला बारा तरी वाजतात. तोवर घरातली मोठी मुलगी धाकट्यांना सांभाळते. आई आली की पानं कापणं, वळलेल्या विडीची तोंडं मोडणं, दोऱ्यानं कट्टे बांधणं, यात मुलीचे हात लागतात. म्हणजे ज्या वेळी आम्ही पंगत मांडली ती मुलींच्या कामाची वेळ. आणि ज्या चार तासांत घरात मोठं माणूस नसतं, चूल थंड असते आणि मुलं सकाळच्या चहा-खारीवर असतात, त्या वेळी आम्ही कांदे चिरत बसलेलो.

घरात धान्य नव्हतं असं नाही, हे नीट सांगायला हवं. प्राधान्य कुटुंबाच्या रेशन कार्डावर माणशी पाच किलो धान्य मिळतं आणि जानेवारी २०२३ पासून ते फुकट आहे. आम्ही ज्या घरांत गेलो तिथं बहुतेक ठिकाणी डब्यात तांदूळ होता. ते शिजवायला सकाळी दहाला हात नव्हता, आणि शिजलाच तर त्याच्यासोबत खायला चटणीपलीकडं काही नव्हतं. नऊ वर्षांच्या मुलीला गॅस पेटवायला आई देत नाही, आणि बरोबरच आहे तिचं. विडीच्या घरात कोपऱ्यात सुकं पान रचलेलं असतं.

पंगत सकाळी दहाला करायचं ठरलं. अक्का पहाटे पाचला उठायला तयार झाल्या. मला वाटलं होतं त्या कुरकुर करतील, त्या म्हणाल्या, "ऊन तरी चुकतंय." मे महिन्यात पत्र्याखाली दुपारी चुलीपुढं बसणाऱ्यालाच ते वाक्य कळेल.

मुठीचा तांदूळ

वेळ बदलूनही काही घरं येईनात. एका आईनं तोंडावरच विचारलं, "आमची लेकरं भिकारी हायेत काय ओ? फोटो काढूलाले म्हणं तिथं."

फोटो खरंच काढले होते. पहिल्या दिवशी एका देणगीदारांच्या मुलाचा वाढदिवस होता. केक, टोप्या आणि रांगेत बसवलेली मुलं. सोलापूरचं हे एक दुखणं आहे. आपल्याकडं अन्नदान भरपूर. सिद्धरामेश्वरांच्या गड्ड्याच्या जत्रेला, नारळी पौर्णिमेच्या मार्कंडेय रथोत्सवाला, जयंत्यांना रस्तोरस्ती महाप्रसाद असतो, आणि त्या दिवशी शहरात कुणी उपाशी झोपत नसेल. पण बुंदी एका दिवसाची. दात्याला त्याच्या सोयीची तारीख हवी असते, मुलाला मंगळवारही जेवायचा असतो आणि बुधवारही. आम्ही त्या देणगीदारांना सांगितलं, पैसे द्या, डाळ द्या, येऊ नका. त्यांना राग आला. पुढं त्यांनी डाळ पाठवली, हेही लिहून ठेवते.

मान राखायचा उपाय बायकांनीच काढला. ज्या घरचं मूल जेवायला येईल त्या घरानं रोज एक मूठ तांदूळ द्यायचा, मुलाच्याच ताटातून पाठवायचा. मूल ताटात मूठभर तांदूळ घेऊन येतं, तो डब्यात टाकतं, ताट विसळून पंगतीला बसतं. चाळीस घरांच्या मुठी म्हणजे जेमतेम दोन किलो. पन्नास मुलांना पाच किलो लागतो, म्हणजे हिशेबात त्यानं निम्मंही भागत नव्हतं. पण दुसऱ्या दिवसापासून आया बोलायला लागल्या: काल मीठ कमी होतं, उद्या वांगं घालू नका, पोर खात नाही. फुकट मिळालेल्या जेवणाला कुणी नावं ठेवत नाही. हे आता त्यांचं झालं होतं. दामाजीपंतांच्या मंगळवेढ्याच्या जिल्ह्यात आपण राहतो. दुष्काळात बादशहाची कोठारं लुटवणाऱ्या पंतांची कथा आपण लहानपणापासून ऐकली. इथं कोठार नव्हतं, पत्र्याचा डबा होता, आणि तो लुटण्याऐवजी भरायचा होता.

ताट आपापल्या घरचं आणायचं, हा नियम पाण्यामुळं आला. तेव्हा सोलापुरात नळाला पाणी चार-पाच दिवसांनी यायचं. पन्नास ताटं घासायचं पाणी कुठून आणणार? शिजवायला आणि प्यायला लागणारं पाणी आम्ही नळाच्या दिवशी दोन पिंपांत भरून झाकून ठेवायचो.

पातेल्यात काय

शासनाचं माप आम्ही जसंच्या तसं घेतलं, कारण ते बरं आहे. पहिली ते पाचवीच्या मुलाला १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी, ५ ग्रॅम तेल. त्यातून ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळतात. सहावी ते आठवीला दीडपट. पन्नास लहान मुलांना रोज पाच किलो तांदूळ, एक किलो डाळ, अडीच किलो भाजी, पाव किलो तेल. तूरडाळ त्या महिन्यात दीडशेच्या वर होती. शिजवण्याच्या खर्चापोटी शाळांना प्राथमिकच्या मुलामागं दिवसाला ५ रुपये ४५ पैसे मिळायचे तेव्हा, धान्य वेगळं. डाळ, भाजी, तेल, मसाला, जळण सगळं त्यात. एक अंडं सहा रुपयांच्या घरात होतं. यावरून अक्कांसारख्या बायका वर्षानुवर्षं काय करामत करतात ते कळावं.

खिचडी मात्र बंद झाली, आणि याचं श्रेय पूर्णपणे अक्कांचं. शाळेत पिवळी खिचडी खाऊन मुलं कंटाळलेली असतात, घरी त्यांना भातावर आंबट पातळ लागतं. अक्कांनी पप्पूचारू केलं: तूरडाळ घोटून, चिंचेचा कोळ, टोमॅटो, लसूण-कढीपत्त्याची फोडणी, आणि त्यातच शेवग्याच्या शेंगा. भाताचे ढीग संपले. आठवड्यातून दोनदा मटकीची उसळ, एकदा अंडं. जाताना हातात शेंगदाणा-गुळाचा एक लाडू. पंधरा ग्रॅम दाणे आणि दहा ग्रॅम गूळ धरला तर सव्वाशेच्या आसपास कॅलरी आणि चार ग्रॅम प्रथिनं. लाडू मुलं तिथं खात नसत. खिशात घालून नेत. कुणासाठी, ते आम्ही विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

डबेवाली मुलगी

ती मुलगी दहाच्या पंगतीलाही आली नाही. तिचं घर अक्कांना माहीत होतं. पंधरवड्यानंतर तिथं गेलो, सोबत अंगणवाडीच्या सेविका. मे महिन्यात सेविका आणि मदतनीस आळीपाळीनं सुट्टीवर असतात. या बाई त्याच दिवशी रुजू झाल्या होत्या.

खोलीत तीन मुलं. डबेवाली, तिचा सहा वर्षांचा भाऊ, आणि सतरंजीवर एक धाकटी, बावीस महिन्यांची. आजी जानेवारीत कुंभारीला गेलेली. मोठी मुलगी धाकटीला सोडून पंगतीला येणार कशी? उन्हातून कडेवर आणून तिला भरवत बसायचं, म्हणजे स्वतः जेवायचं कधी? म्हणून तिनं पहिल्याच दिवशी डबा आणला होता. वस्तीतल्या सगळ्यांत शहाण्या मुलीला आम्ही नियम सांगून परत पाठवलं होतं.

त्या नियमाचीही एक बाजू आहे. डबा घरी गेला की तो पाच जणांत वाटला जातो, आणि ज्या मुलासाठी दिला त्याला चार घास मिळतात. जिथं जिथं अन्न घरी नेऊ देतात तिथं हा अनुभव येतो. अंगणवाडीतून तीन वर्षांखालच्या मुलांना घरी नेण्यासाठी जो टीएचआर, म्हणजे पाकिटातला कोरडा आहार, मिळतो, त्याचं या घरात तेच झालं होतं. पाकीट उघडं होतं, आणि दोघं मोठी त्यातलं चमच्या-चमच्यानं कोरडंच खात होती. पण जेवण पंगतीतच असा हट्ट धरला तर ज्याला चालता येत नाही ते मूल आपोआप बाहेर राहतं. ते मूल सगळ्यांत लहान असतं, आणि सगळ्यांत जास्त धोकाही त्यालाच. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची २५.६ टक्के मुलं उंचीच्या मानानं हडकुळी निघाली होती. आम्ही शाळेच्या वयाची मुलं मोजून पातेलं चढवलं होतं.

सेविकाबाईंनी दंडघेराची पट्टी काढली. धाकटीचा दंड ११.२ सेंटीमीटर. साडेअकराच्या खाली लाल रंग, म्हणजे सॅम, तीव्र कुपोषित. दोन्ही पावलांवर अंगठा दाबून पाहिला, सूज नव्हती. पण चार दिवस जुलाब चालू होते आणि समोर धरलेला घास ती तोंड फिरवून नाकारत होती. भूक असलेल्या सॅम मुलाला वस्तीत ठेवून बरं करता येतं. भूक मेलेल्या आणि आजारी मुलाला दवाखान्यातच न्यावं लागतं, हे बाईंनी तिथंच स्पष्ट सांगितलं. पोषण पुनर्वसन केंद्रात चौदा दिवस, आईसकट.

आई बारा वाजता आली, ऐकलं आणि नाही म्हणाली.

मला तिचा राग आला नाही, कारण एव्हाना मला घड्याळ कळलं होतं. केंद्रात बुडीत मजुरी मिळते, हे बाईंनी सांगितलं. तिचा प्रश्न वेगळाच होता. चौदा दिवस विडी जमा झाली नाही तर विडी कामगाराच्या कार्डाचं काय? आणि ही दोघं कुणाकडं? नवरा रात्रपाळीचा, दिवसा झोपणारा.

यावर जे झालं ते कुठल्याही योजनेत लिहिलेलं नाही. शेजारच्या चौघींनी रोज दोन-दोनशे विड्या तिच्या नावावर वळायचं कबूल केलं. त्यातल्या एकीनं लगेच हेही सांगितलं की दिवाळीत फेडून घेईन. दोन्ही मुलांची सकाळ आमच्या पंगतीत, रात्रीचं एक ताट अक्कांकडून. कुंभारीहून आजी दोन दिवसांनी आली, तोवर ही घडी बसली होती. तिसऱ्या दिवशी आई धाकटीला घेऊन दवाखान्यात गेली.

चौदा दिवसांनी परतली तेव्हा पट्टी ११.६ दाखवत होती. लाल संपून जेमतेम पिवळा. मुलगी बरी झाली ती दवाखान्यातल्या उपचारानं, आमच्या पप्पूचारूनं नाही. पंगतीनं केलं ते एवढंच, की आईला घर सोडून जाता आलं.

त्यानंतर आम्ही नियम बदलला. तीन वर्षांखालच्या मुलाला मोठ्या भावंडानं घेऊन यायचं. पंगतीत दोन बायका फक्त भरवायला बसतील. मोठ्या मुलीनं आधी स्वतः जेवायचं, धाकट्याला दुसरं कुणी भरवेल. हे शेवटचं वाक्य आम्हाला रोज बोलावं लागायचं, कारण मुली ऐकत नसत.

चुकलेलं

सुरुवातीला एकाही मुलाचं वजन-उंची घेतली नाही. त्यामुळं या पाच आठवड्यांत मुलांच्या तब्येतीत काय फरक पडला, ते मी सांगू शकत नाही. पातेलं रिकामं व्हायला लागलं हे खरं, पण रिकामं पातेलं म्हणजे भरलेलं अंग नव्हे. सेविकाबाईंना पहिल्या दिवसापासून सोबत घ्यायला हवं होतं. त्यांच्याकडं यादी होती, पट्टी होती, कुठल्या घरात कोण लहान आहे याची माहिती होती. आमच्याकडं फक्त उत्साह होता. आणि दहा वर्षांच्या मुलींच्या हातातली विडी आम्ही पाहिली आणि त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. काढलं असतं तर दारं बंद झाली असती, असं मी स्वतःला सांगते. ते पटतंच असं नाही.

जूनच्या पहिल्या आठवड्यात गर्दी ओसरली. लग्नं, पहिला पाऊस, काही मुलं तेलंगणात मामाच्या गावी. १५ जूनला शाळा उघडली. अक्कांनी पहिल्या दिवशी मापानं शिजवलं आणि पातेल्यात थोडं उरलं, असं त्या मला सांगत आल्या. ओसरलेल्या गर्दीमुळं असेल, असं मी म्हणाले. "असू दे की," त्या म्हणाल्या.

मुठीच्या डब्यात सात-आठ किलो तांदूळ शिल्लक होता. त्यावरून भांडण झालं. काहींचं म्हणणं, नारळी पौर्णिमेला रथ निघेल तेव्हा महाप्रसादाला देऊन टाकू. डबेवालीची आई, जी कधी मोठ्यानं बोलत नाही, म्हणाली की दिवाळीची सुट्टी पण सुट्टीच असती. बराच वेळ तेलुगूत वाद झाला, मला अर्धाच कळला. मग अक्कांनी पोराला पाठवून कडुनिंबाचा पाला आणवला, सावलीत वाळवला, तांदळात घातला आणि डब्याचं झाकण दाबून बसवलं.